१९७१ च्या डिसेंबरातलं नौदल अधिकाऱ्याचं पत्र : यातला किनारा कुठला?

नौपाड्याची लेक

एका जुन्या पत्रातल्या काही ओळींचा उलगडा हवा आहे. नौदलातले, ठाणे खाडीची माहिती असलेले किंवा जुने कागद सांभाळणारे कुणी इथे असतील तर कृपया वाचा. जरा लांब आहे, पण अर्धवट सांगून उपयोग नाही.

पत्र १८ डिसेंबर १९७१ चं, जहाजावरून लिहिलेलं. लिहिणारे काका तेव्हा नौदलात लेफ्टनंट होते आणि ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्याच वाड्यात लहानाचे मोठे झालेले. पत्र एकट्या माझ्या वडिलांना नाही, चौघा मित्रांना मिळून आहे. पाकिटावर बाबांचं नाव, आत मायना 'प्रिय मंडळींस सप्रेम नमस्कार'. ते हातोहात फिरलं असणार, कारण समासात चार वेगवेगळ्या अक्षरांत 'वाचले' असं लिहिलेलं आहे. त्या पाचांपैकी आता कुणीच नाही. बाबा शेवटचे. यंदा उन्हाळ्यात ते गेले आणि कपाट आवरताना विम्याच्या कागदांत हे पाकीट मिळालं. काकांना मूलबाळ नव्हतं, काकूही गेल्या. म्हणजे आता या पत्राची राखणदार मीच.

मी तेव्हा दुसरीत होते. ठाण्यातला ब्लॅकआउट मला चांगला आठवतो. बाबांनी खिडक्यांच्या काचांना मैद्याच्या खळीनं खाकी कागद लावले होते. युद्ध संपल्यावर कागद निघाले, पण खळ निघेना. आई ब्लेड घेऊन कितीतरी दिवस काचा खरवडत होती. काकांचं पत्र आल्याचं मात्र मला काही आठवत नाही. मोठ्या माणसांचं ते पत्र, आमच्या हाती कोण देणार.

सुरुवात अशी आहे:

'लेकांनो, मी धडधाकट आहे, हे आधी. आईला वेगळं लिहिलंय, पण ती चष्मा शोधण्यात अर्धा दिवस घालवील, तेव्हा कुणीतरी आजच जाऊन तोंडी सांगा.'

मग घरगुती गोष्टी आहेत. मिठाच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, पालेभाजी दिसून युगं लोटली, कपडे वाळले तरी चिकट राहतात. 'तुमच्याकडेही डार्कन शिप चालू आहे म्हणे, तेव्हा आपण सगळे एकाच जहाजावर.' आणि मग ही ओळ: 'वारा पडला की थोरलीचा जीव वरखाली होतो आणि तिच्याबरोबर आमचाही.' ही थोरली कोण? वाड्यात या नावानं कुणाला हाक मारत नसत.

पुढे १६ तारखेबद्दल:

'परवा संध्याकाळी वॉर्डरूममध्ये आकाशवाणीवर बातमी ऐकली. सगळे उभे राहिले. आपलं निशाण आता या समुद्रात निर्धास्त फिरेल, छाती काढून चाला लेकांनो. मग घड्याळ पाहिलं आणि वर गेलो, कारण वॉच माझी होती. लढाई संपली हे पाण्यातल्या सुरुंगांना कुणी कळवलेलं नसतं.'

आणि लगेच त्याखाली, नवा परिच्छेदही न करता, हे. मला खरं विचारायचंय ते याबद्दल (चेंदणी म्हणजे ठाण्याचा खाडीकाठचा कोळीवाडा):

'त्याच दिवशीच्या पहाटेच्या किनाऱ्याबद्दल भेटल्यावर बोलू. आपल्या चेंदणीला ओहोटीत मधला पट्टा आधी उघडा पडतो आणि पट्टा नि काठ यांच्यामध्ये माणूस बुडेल एवढं पाणी राहतं, आठवतंय? तसंच. नवख्याला वाटतं, आली जमीन. मी दुर्बिणीतून पाहत होतो. पाठीवर ओझं होतं रे त्यांच्या.'

एवढंच. पुढची दीड ओळ काकांनी स्वतःच गडद शाईनं खोडली आहे. हा किनारा कुठला? तिथे काय झालं? ज्या दिवशी ढाक्याला शरणागती झाली, त्याच दिवशीची ही पहाट आहे, एवढं मला तारखेवरून कळतं.

शेवटचा भाग एका मित्राबद्दल आहे. '९ तारखेला पश्चिमेकडे जे झालं ते तुम्ही पेपरात वाचलं असेल. तो त्याच जहाजावर होता.' हा मित्र काकांच्या बरोबरीनं नौदलात शिकलेला. आदल्या दिवाळीत तो आमच्या वाड्यात आला होता, चौघांना माहीत होता, तलावपाळीवर रात्री उशिरापर्यंत बसले होते सगळे. त्याचं नाव पत्रात आहे, पण त्याच्या घरच्यांना विचारल्याशिवाय मी ते इथे लिहिणार नाही. त्याच्या आईबद्दल काकांनी मित्रांना लिहिलंय:

'दादरला तिच्याकडे गेलात तर चहावर उठू नका. जेवून या. तो गेल्यापासून तिनं कुणाला पोटभर वाढलं नसेल.'

आता दुसरी अडचण. आमच्या सोसायटीत १६ डिसेंबरला विजय दिवसाचा छोटा कार्यक्रम असतो. माझ्या भाच्यानं पत्राचा फोटो ग्रुपवर टाकला आणि सगळ्यांनी उत्साहानं ठरवलं की 'आपलं निशाण आता या समुद्रात निर्धास्त फिरेल, छाती काढून चाला लेकांनो' एवढ्या दोन ओळी मोठ्या फलकावर छापायच्या. बाकीचं पत्र नको, कार्यक्रम उदास होईल. मला हे पटत नाही. काकांनी ते वाक्य आणि ती पहाट एका दमात लिहिली आहे. अर्धं पत्र वाचणं म्हणजे अर्ध्या माणसाला बोलू देणं. तुम्हाला काय वाटतं, तेही सांगा.

---

नेरूळचा निवृत्त नाविक

ताई, पत्र वाचून बराच वेळ गप्प बसलो. मी भरती झालो ते लढाईनंतर काही वर्षांनी, पण ज्यांच्या हाताखाली शिकलो ते सगळे ७१ वाले. तेव्हा जेवढं सांगता येईल तेवढं सांगतो.

आधी सोपं. जहाजावर दिवसाचे पहारे पडतात, त्यांना वॉच म्हणतात. रात्री बारा ते चार मिडल वॉच, सगळ्यांत जड. वॉर्डरूम म्हणजे अधिकाऱ्यांची जेवायची-बसायची खोली. डार्कन शिप म्हणजे सूर्य मावळल्यावर एकही उजेड बाहेर दिसता कामा नये, खिडक्यांच्या काचांवरची झाकणं बंद, डेकवर काडी ओढायची नाही. तुमच्या खाकी कागदांचंच समुद्रावरचं रूप.

थोरली म्हणजे आयएनएस विक्रांत. माझी खात्री आहे. विमानवाहू जहाज विमान उडवताना वाऱ्याच्या तोंडावर धावतं. समोरून येणारा वारा आणि जहाजाचा स्वतःचा वेग मिळून विमानाला उचल मिळते. ७१ ला विक्रांतच्या चार बॉयलरपैकी एकाला तडा गेला होता, त्यामुळे पूर्ण वेग घेता येत नव्हता. मग वारा पडला की काय होणार? विशेषतः बाँब लादलेली आलिझे विमानं उडवणं अवघड. ती पंख्याची, सी हॉक ही जेट. तरीही ४ डिसेंबरला सकाळी विक्रांतच्या सी हॉकनी पूर्व पाकिस्तानच्या, म्हणजे आताच्या बांगलादेशच्या, किनाऱ्यावरच्या कॉक्स बाजारवर हल्ला केला आणि त्याच दिवशी चितगाववर. पुढचे दिवस रोज हेच. बरोबर ब्रह्मपुत्र आणि ब्यास ही फ्रिगेट होती, आणि पाणबुड्यांवर लक्ष ठेवायला कामोर्टा, कवरत्ती. काका यांतल्या एखाद्या सोबतीच्या जहाजावर असणार. 'तिच्याबरोबर आमचाही' हे विक्रांतवरचा माणूस लिहिणार नाही, तिच्या शेजारून चालणारा लिहील.

आता किनारा. ताई, तो कॉक्स बाजारचा.

पाकिस्तानी सैन्य दक्षिणेकडून ब्रह्मदेशात निसटू नये म्हणून त्या किनाऱ्यावर फौज उतरवायचं ठरलं. गुरखा पलटण होती. कलकत्त्याहून विश्व विजय या व्यापारी जहाजातून जवान आणले आणि समुद्रातच घडियाल आणि गुलदार या लँडिंग जहाजांवर चढवले. ही जहाजं पोलंडमध्ये बांधलेली. नाक वाळूत रोवायचं, पुढचं दार उघडायचं, माणसं सरळ किनाऱ्यावर, अशी त्यांची रीत. पण त्या किनाऱ्यालगत पाण्याखाली वाळूचा बांध आहे. जहाजाचं नाक बांधावर टेकलं, म्हणजे वाटलं आली जमीन. बांधापलीकडे, किनाऱ्याच्या बाजूला, खोल पाणी. पहिली काही माणसं पूर्ण सामानानिशी उतरली आणि त्यांतले काही बुडाले. मग ते उतरवणं थांबवावं लागलं. राहिलेल्यांना पुढे स्थानिक होड्यांतून काठावर नेलं. शत्रू तिथे नव्हताच.

ही १६ तारखेची पहाट. त्याच दुपारी ढाक्याच्या रमणा रेसकोर्सवर शरणागतीच्या कागदावर सह्या झाल्या.

आमच्या प्रशिक्षणात हे सांगताना एक जुने चीफ पेटी ऑफिसर खडूनं फळ्यावर किनाऱ्याचा उभा छेद काढायचे. बांध, त्यामागची खोलगट, मग काठ. काढून झाल्यावर खडू खाली ठेवायचे आणि आम्हाला विचारायचे, पाणी कुणी मोजलं? उत्तर आलं नाही की पुन्हा विचारायचे.

९ डिसेंबरचं जहाज म्हणजे आयएनएस खुकरी. दीवच्या समुद्रात पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीनं टॉर्पेडो मारला. १८ अधिकारी आणि १७६ नाविक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले, स्वतःचं लाइफ जॅकेट दुसऱ्याला देऊन. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. वाचले ते ६ अधिकारी आणि ६१ नाविक. सोबतच्या किरपाण या जहाजाला त्या वेळी तिथून बाजूला जावं लागलं. नंतर कचाल हे जहाज येऊन शोध झाला. दीवला टेकडीवर स्मारक आहे, काचेत खुकरीची प्रतिकृती आहे. समोर तोच समुद्र.

फलकाबद्दल माझं मत विचाराल तर पत्र पूर्ण वाचा. अर्धं नको.

---

चेंदणीकर

ताई, काकांनी चेंदणीचं लिहिलंय ते तंतोतंत खरं आहे. आम्ही इथलेच कोळी, खाडीवरच वाढलो.

ओहोटी लागली की खाडी एकसारखी उघडी पडत नाही. मधे गाळाचा उंचवटा असतो, तो आधी वर येतो. काठ आणि उंचवटा यांच्यामध्ये चर असतो, त्यात पाणी राहतं. वरून बघणाऱ्याला वाटतं की मधे कोरडं आहे म्हणजे अलीकडे तर कोरडं असणारच. उलट असतं. शिवाय तळाला आमच्याकडे वाळू नाही, रेंदा, म्हणजे मऊ चिखल. पाय घुसला की वर येत नाही. माझे आजोबा निवटी, म्हणजे चिखलातले मासे, धरायला जाताना बांबू पुढे रोवत जायचे, बांबू सांगेल तिथेच पाय. उधाणाच्या दिवसांत चर जास्त खोल होतो, भांगाला, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत, कमी. त्यामुळे कालची वाट आज चालत नाही.

वाड्यातली मुलं तेव्हा पोहायला बंदरावर यायची, हे आमच्या घरात अजून सांगतात. काका त्यांतलेच असणार. ज्यानं लहानपणी तो चर पाहिलाय, त्याला दुर्बिणीतून तो किनारा बघताना काय झालं असेल, ते मी समजू शकतो. त्याला आधी कळलं असेल. पण दुसऱ्या जहाजावरून ओरडून ऐकू जातंय थोडंच.

आता इथे पूर्वीचं काही राहिलं नाही. गाळ वाढला, उंचवट्यावर तिवरं आली, मासा कमी झाला. चर अजून दाखवीन, यायचं असेल तर.

---

जुनी तिकिटं

पाकिटाचा फोटो टाकाल का? मी टपाल तिकिटं जमवतो. त्या डिसेंबरातल्या प्रत्येक पाकिटाला स्वतःची गोष्ट असते.

आणि कृपया, फार कळकळीनं सांगतो: लॅमिनेशन करू नका. घडीवर फाटलं असेल तरी सेलोटेप लावू नका, काही वर्षांत तो पिवळा पडून शाई घेऊन निघतो. पत्र उलगडून सपाट ठेवा, आम्लविरहित कागदाच्या घडीत, लोखंडी कपाटात, भिंतीला लागून नको. आपल्या ठाण्याच्या पावसाळ्यात ओल आली की कसर आलीच. डांबराच्या गोळ्या कागदाला चिकटवून ठेवू नका. नोंद करायची तर वेगळ्या कागदावर करा.

फोटो दिवसाउजेडी काढा, फ्लॅश नको. मग एकदा खोलीत अंधार करून टॉर्च कागदाला जवळजवळ आडवा धरून फोटो काढा. पेननं दाबून लिहिलेलं, खोडलेलं, पेन्सिलचं पुसट झालेलं असं बरंच दिसतं.

---

घोडबंदर रोडवाला

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नये. सोसायटीच्या कार्यक्रमात लहान मुलं असतात, आजी-आजोबा असतात, वीस मिनिटांत चहा हवा असतो. तिथे सबंध पत्र कोण ऐकणार? त्या दोन ओळी खोट्या तर नाहीत ना? काकांनीच लिहिल्या आहेत. ७१ हा आपला विजय होता, एक कोटी निर्वासितांचा प्रश्न होता, नौदलानं कराचीच्या तोंडाशी जाऊन मारलं. ४ तारखेच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या छोट्या मिसाइल बोटींनी जे केलं त्याचाच आपण नौदल दिन साजरा करतो. ते सोडून बुडालेल्यांबद्दलच बोलायचं का? फलकावर दोन ओळी, आणि ज्याला हवं त्यानं नंतर पूर्ण पत्र वाचावं, असं करा की.

---

नौपाड्याची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. एकेकाला उत्तर देते.

नेरूळचे काका, तुम्ही किनारा सांगितलात आणि मी अ‍ॅटलास काढून कॉक्स बाजारवर बोट ठेवलं. इतकी वर्षं काका आमच्याकडे यायचे, पत्ते खेळायचे, बाबांशी वाद घालायचे, आणि आमच्यापैकी कुणालाही हे नाव त्यांनी कधी सांगितलं नाही. भेटल्यावर बोलू असं पत्रात आहे. चौघांशी बोलले असतील, अशी माझी आशा आहे. तुमच्या त्या चीफ पेटी ऑफिसरचा प्रश्न मी वहीत लिहून ठेवलाय.

चेंदणीकर दादा, 'त्याला आधी कळलं असेल' हे तुम्ही लिहिलंत तिथे मी थांबले. पत्रात काका हे म्हणत नाहीत. पण 'मी दुर्बिणीतून पाहत होतो' एवढंच सुटं वाक्य का आहे, ते आता समजलं. चर बघायला मी नक्की येईन.

जुनी तिकिटं, पाकिटाचा फोटो जोडते आहे. शिक्का विशाखापट्टणमचा, तारीख पुसट. पाठवणाऱ्याच्या जागी जहाजाचं नाव नाही, फक्त फ्लीट मेल ऑफिस. एक नेहमीचं तिकीट आहे आणि शेजारी पाच पैशांचं कुटुंब नियोजनाचं, त्यावर काळ्या अक्षरांत काहीतरी छापलंय. युद्धावरच्या माणसाच्या पाकिटावर हे तिकीट कसं, ते कळेना.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या सांगण्याप्रमाणे काल रात्री खोलीत अंधार केला, भाच्यानं टॉर्च आडवा धरला. खोडलेली दीड ओळ वाचता येत नाही. काकांनी इतकी गिरवली आहे की कागद मागून उमटलाय. ती तशीच राहू दे, त्यांना नकोच होती. पण शेवटच्या पानाच्या पाठीमागे, खालच्या कोपऱ्यात, पेन्सिलचं अक्षर दिसलं. बाबांचं. त्यांचा 'ज' मी हजारांत ओळखीन, खालचा वेढा न जोडता सोडायचे.

'२/१/७२. तिघे गेलो. जेवून आलो.'

कॅलेंडर पाहिलं, तो रविवार होता. चौथे का गेले नाहीत माहीत नाही. ते तेव्हा रेल्वेत होते, ड्यूटी असेल. दादरच्या त्या घरी काय बोलणं झालं, त्या माउलीनं काय वाढलं, काही लिहिलेलं नाही. सांगितलेलं केलं, एवढी नोंद. बाबा सगळ्याच गोष्टींची अशी नोंद ठेवायचे, गॅसच्या सिलिंडरचीसुद्धा.

आणि म्हणून, घोडबंदर रोडवाले दादा, राग अजिबात नाही, पण तुमच्याशी मी सहमत नाही. विजय झाला यात शंकाच नाही आणि काकांना त्याचा अभिमान होता, त्यांनी लिहिलाय. निपात, निर्घात, वीरबद्दल मुलांना सांगायलाच हवं. पण फलकावर दोनच ओळी आल्या तर मुलांना वाटेल की लढाईवरून आलेलं पत्र असंच असतं, घोषणेसारखं. या पत्रात विजयाची बातमी चार ओळींची आहे. बाकी सगळं माणसांबद्दल आहे: चष्मा शोधणारी स्वतःची आई, पाठीवर ओझं घेऊन पाण्यात उतरलेले जवान ज्यांची नावंही काकांना माहीत नव्हती, आणि दादरची आई. जिंकलेला माणूस जिंकल्यानंतर दोन दिवसांनी मित्रांना कशासाठी लिहितो? कुणाच्या तरी घरी जेवायला जा, हे सांगायला. हे आठ वर्षांच्या मुलाला समजत नाही असं मला वाटत नाही. मोठ्यांपेक्षा लवकर समजेल.

मुलं कंटाळतील म्हणता. साबणाला फेस येत नाही हे ऐकून कुठलं मूल कंटाळेल?

---

जुनी तिकिटं

वा, फारच छान पाकीट! ताई, ते तिकीट बरोबर त्याच युद्धाचं आहे. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या मदतीसाठी सरकारनं १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैशांचा जादा आकार लावला. त्यासाठीचं खास तिकीट छापून यायला वेळ होता, म्हणून पाच पैशांची कुटुंब नियोजनाची तिकिटं होती त्यांवरच निर्वासित मदतीचा छापा मारून ती चालवली. १ डिसेंबरला खास तिकीट आलं, पण छापा मारलेली हाताशी असतील तोवर वापरली जात होती. हा आकार १९७३ च्या मार्चपर्यंत चालू होता. म्हणजे घोडबंदरवाल्या मित्रांनी ज्या एक कोटी निर्वासितांचा उल्लेख केला, त्यांच्यासाठीचे पाच पैसे काकांनी या पाकिटावर भरले आहेत.

पत्त्यात 'ठाणे' आणि पुढे काही नाही, कारण पिन कोड आले १५ ऑगस्ट १९७२ ला. हे पाकीट पत्रापासून वेगळं करू नका. तिकीट काढून द्या म्हणणारा कुणी भेटला तर त्याला घरात घेऊ नका.

पेन्सिलची ओळ पुसट आहे म्हणून तिच्यावर गिरवू नका. फोटो पुरे. मूळ पत्र पुढेमागे कुठे द्यायचं झालं तर आपलं ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९३ पासूनचं, तिथे विचारा. मुंबईत मेरिटाइम हिस्ट्री सोसायटीही आहे, नौदलाच्या इतिहासाचंच काम करते. घाई मात्र नको.

---

घोडबंदर रोडवाला

ताई, पेन्सिलची ओळ वाचली. माझं म्हणणं मागे घेतो असं नाही, फलक हवाच. पण त्या दोन ओळींऐवजी 'आजच जाऊन तोंडी सांगा' हे छापा. आणि पत्र पूर्ण वाचा. चहा उशिरा झाला तर झाला. माझ्या दोन्ही मुलांना घेऊन येतो, चालेल ना?

---

नौपाड्याची लेक

नक्की या. मुलांना पुढे बसवा.

आमचं असं ठरलंय. १६ डिसेंबरला संध्याकाळी सात वाजता, सोसायटीच्या गच्चीवर. पत्र सुरुवातीपासून सहीपर्यंत वाचायचं, फक्त खुकरीवरच्या मित्राचं नाव गाळून. दादरच्या त्या घराचा शोध भाचा घेतो आहे. जुना पत्ता पत्रात आहे, पण त्या जागी आता नवी इमारत झाली आहे. कुणी भेटलं तर पत्राची प्रत आणि बाबांच्या पेन्सिलच्या ओळीचा फोटो आधी त्यांना द्यायचा, मग नाव घ्यायचं की नाही ते त्यांनी ठरवावं.

भाच्याची मुलगी सहावीत आहे, तिला कॉक्स बाजारच्या किनाऱ्याचा छेद मोठ्या कागदावर काढायला सांगितलाय, तुम्ही वर्णन केलंत तसा. शेजारी चेंदणीचा. चेंदणीकर दादा, चर बरोबर दाखवलाय का ते आधी बघून द्याल? ओहोटीची वेळ कळवलीत तर तिलाही बंदरावर घेऊन येते.

नेरूळचे काका, एक विनंती आहे. पत्र तुम्ही वाचाल का? वॉच, वॉर्डरूम, डार्कन शिप हे शब्द ज्याच्या तोंडात रुळलेत त्यानं वाचावं असं वाटतं. काकांचं नाव तुम्हाला वेगळं कळवते.

---

नेरूळचा निवृत्त नाविक

येतो. नेरूळहून ठाण्याला थेट लोकल आहे. पांढरा युनिफॉर्म आता अंगाला बसत नाही, साध्या कपड्यांत येईन, पदकं लावून.

किनाऱ्यापर्यंत मी वाचतो. दादरचा भाग तुम्ही वाचा ताई. तो त्यांनी तुमच्या घराला लिहिलाय.